विल्सन आजार वेळीच कसा ओळखावा

विल्सन आजार हा आनुवंशिक आजार असून त्यात शरीरात तांबे साचून यकृत आणि मेंदूला इजा होते. त्यामुळे शाळकरी मुलाचे अक्षर काही महिन्यांत बिघडले, बोलणे अडखळू लागले किंवा हात थरथरू लागले, तर ‘वयच तसे आहे’ म्हणून सोडून देऊ नये. पूर्वी कावीळ होऊन गेली असेल तर मुळीच नाही. मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना जुन्या-नव्या वह्या सोबत न्याव्यात आणि आई-वडील आते-मामे भावंडे असतील तर तेही संकोच न करता सांगावे. रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन (तांबे वाहून नेणारे प्रथिन), 24 तासांच्या लघवीतील तांबे आणि पारपटलाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) कडेचे तपकिरी वलय यांपैकी एखादी तपासणी नॉर्मल आली, एवढ्यावरून आजार नाही असे ठरत नाही. औषध जन्मभर चालते. बरे वाटले म्हणून ते मनाने थांबवू नये. लक्षणे नसलेल्या सख्ख्या भावंडांचीही तपासणी करावी, कारण प्रत्येकाला हा आजार असण्याची शक्यता 25 टक्के असते.