इटलीच्या डोंगरगावात खाण्यापिण्यासाठी जाताय? या चुका टाळा

इटलीच्या तोस्काना प्रांतात, सिएना शहराच्या दक्षिणेला व्हाल दोर्चा नावाचं खोरं आहे. २००४ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्या खोऱ्यात आणि त्याच्या काठावर मोंताल्चिनो, पिएंझा आणि मोंतेपुल्चानो ही तीन डोंगरमाथ्यावरची गावं आहेत. पहिल्याची ब्रुनेल्लो वाईन, दुसऱ्याचं मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज आणि तिसऱ्याची व्हिनो नोबिले वाईन प्रसिद्ध आहे. ओळखीतले लोक तिकडे जायचं ठरवतात आणि आखलेला कार्यक्रम मला बघायला पाठवतात. दर वेळी त्यात त्याच त्या चुका सापडतात. दोन चुका अशा आहेत की त्यांनी अख्खी सहल हातची जाते, म्हणून त्यांच्यावर सविस्तर लिहिते. बाकीच्या निस्तरता येतात.

एका दिवसात पाच गावं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती घरी बसून नकाशा बघतानाच होते. मोंताल्चिनो ते पिएंझा साधारण २३ किलोमीटर, पिएंझा ते मोंतेपुल्चानो जेमतेम १४. आकडे बघून वाटतं, सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक, सहज होईल. पण हे रस्ते डोंगराच्या कडेकडेनं वळत जातात. गाडी तटाबाहेर लावावी लागते, तिथून चढ चढून गावात जायचं, पुन्हा उतरायचं. वाईनरीकडे जाणारे रस्ते तर बहुतेक कच्चे, पांढऱ्या खडीचे. त्यांवर मोबाईलनं सांगितलेली वेळ धरून चालू नका.

पुण्याच्या एका कुटुंबासोबत मी स्वतः होते. दोघे भाऊ, दोघांच्या बायका, त्यांची आई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. मुक्काम फ्लॉरेन्सला. धाकट्या भावानं एक्सेलमध्ये दिवस बसवला होता: साडेआठला निघून सान जिमिन्यानो, मग सिएना, साडेबाराला मोंताल्चिनोजवळची वाईनरी, दीडला जेवण, तीनला पिएंझा, साडेचारला मोंतेपुल्चानो, रात्री परत. मी आदल्या दिवशी सांगितलं की निदान दोन गावं गाळा. त्यावर उत्तर आलं, "ताई, गाडी आपल्याच हातात आहे, मॅनेज होईल."

सिएनात गाडी लावायला जागा शोधण्यात जो वेळ गेला, तिथेच दिवस फिसकटला. वाईनरीत पोचायला दीड वाजत आला. वाईनरी चालवणारी बाई सत्तरीची, द्राक्षबाग तिच्या सासऱ्यांनी लावलेली. तिनं साडेबारालाच बाटल्या उघडून ठेवल्या होत्या, लाकडी फळीवर पाव कापून ठेवला होता, शेजारी स्वतःच्या झाडांचं ऑलिव्ह तेल. भारतातून माणसं येणार म्हणून एक जुन्या सालची बाटलीही काढली होती. पण दीडची पुढची मंडळी दारात उभी होती. तिनं उभ्या-उभ्या दोन घोट दिले, हात हातात घेऊन निरोप दिला आणि जुनी बाटली पुढच्या लोकांच्या टेबलावर गेली. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

गावात शिरेपर्यंत पावणेतीन. त्रात्तोरियाचं, म्हणजे तिथल्या साध्या खानावळीचं, स्वयंपाकघर अडीचला बंद झालेलं, पोरगा टेबलं पुसत होता. दुसऱ्या ठिकाणी त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी. किराणा दुकानाचं शटर दुपारपुरतं खाली. आई मधुमेहाच्या, सकाळपासून पोटात दोन बिस्किटं. शेवटी चौकातल्या बारमध्ये काचेआडची सँडविचं मिळाली, सगळी हॅमची, आणि आई ते खात नाहीत. त्यांनी बटाट्याच्या वेफर्सवर दुपार काढली. पिएंझा गाडीतून पाहिलं, मोंतेपुल्चानो राहूनच गेलं. आणि जो भाऊ ब्रुनेल्लोसाठी एवढ्या लांब आला होता, त्याच्याच हातात दिवसभर स्टिअरिंग होतं, त्यानं एक थेंबही घेतला नाही.

माझी पद्धत अशी. एक गाव निवडायचं आणि तिथे किमान तीन रात्री राहायचं. दिवसाला ठरलेली भेट एकच, शक्यतो सकाळी अकराची. दुपारचं जेवण त्याच गावात, साडेबारा ते एकच्या दरम्यान बसायचं. दुपार मोकळी. तिथली दुकानं बंद असतात, माणसं घरी असतात, तुम्हीही झोपा. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मिळत नाही, हे गृहीत धरून पाचला काहीतरी खाऊन घ्या. मधुमेही माणूस सोबत असेल तर पिशवीत चणे-दाणे घेतल्याशिवाय मी खोलीबाहेर पडत नाही.

कोणतं गाव? वाईनसाठीच जात असाल तर मोंताल्चिनो. गाडी चालवायची नसेल तर मोंतेपुल्चानो, कारण फ्लॉरेन्स-रोम लोहमार्गावरच्या क्युसी स्थानकातून तिथे बस जाते. मोंतेपुल्चानो नावाचं रेल्वे स्थानकही आहे, पण ते गावापासून बरंच लांब खाली आहे. नाव बघून तिथलं तिकीट काढू नका. रविवारी बस फार कमी असतात, म्हणून येण्या-जाण्याचा दिवस रविवार ठेवायचाच नाही. आणि गाडी नसेल तर फोटो बघून शेतावरचं घर बुक करू नका. गावातल्या तटाच्या आत खोली घ्या, लहान असली तरी चालेल.

वाईनरीत न विचारता जाऊन उभं राहणं

ही सवय नाशिकहून येते. तिथे शनिवारी-रविवारी गाडी काढायची, दारात तिकीट घ्यायचं, टेस्टिंग करायचं, पिझ्झा खायचा, परत यायचं. नाशिकच्या वाईनरींनी पर्यटकांसाठी तशी सोय केली आहे आणि ती छान चालते. मोंताल्चिनोत वाईन बनवणारी बहुसंख्य घरं लहान आहेत. जी बाई तुम्हाला तळघर दाखवणार, तीच सकाळी बागेत असते आणि दुपारी हिशेबाला बसते. आधी ईमेल करून दिवस, वेळ आणि माणसं ठरवावी लागतात. निदान तीन-चार आठवडे आधी लिहा. सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात हा द्राक्षकाढणीचा काळ. फोटोंसाठी लोक नेमके तेव्हाच धावतात आणि नेमकं तेव्हाच पुष्कळ घरांना पाहुण्यांकडे बघायला फुरसत नसते. मी मे महिना किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध सांगते. नोव्हेंबरमध्ये थंडी सोसत असेल तर नवं तेल निघालेलं असतं आणि मोंताल्चिनोच्याच हद्दीतल्या सान जोव्हान्नी दास्सोला पांढऱ्या ट्रफलची जत्रा भरते.

भेट ठरली की पुढची घाई सुरू होते. एका दिवसात चार वाईनऱ्या. तिसऱ्या ठिकाणी जीभ काम करत नाही, चौथ्या ठिकाणी लोक चव न घेता फक्त फोटो काढतात. एका दिवसात एक, फार तर दोन. टेबलावर थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं ते वापरा. आपल्याकडे यजमानानं दिलेलं थुंकणं म्हणजे अपमान वाटतो, म्हणून मंडळी सगळं पितात आणि बाराच्या आत डोकं जड होतं. तिथे त्याचं कुणाला काही वाटत नाही. वाईन बनवणारे स्वतः तेच करतात.

आणि कृपा करून बसल्या-बसल्या सगळ्यात महागडी रिझेर्व्हा, म्हणजे जास्त मुरवलेली ब्रुनेल्लो, मागू नका. नव्यानं सुरुवात करणारे हेच करतात आणि मग "एवढं काय त्यात" म्हणत परत येतात. ब्रुनेल्लो आणि रोस्सो दि मोंताल्चिनो दोन्ही शंभर टक्के सांजोव्हेझे द्राक्षांच्या. रोस्सो काढणीच्या पुढच्याच वर्षी बाजारात येते. ब्रुनेल्लोला किमान दोन वर्षं लाकडी पिंपात काढावी लागतात आणि ती काढणीनंतरच्या पाचव्या वर्षी १ जानेवारीला विक्रीला येते. म्हणजे २०१९ च्या द्राक्षांची ब्रुनेल्लो २०२४ मध्ये. रिझेर्व्हा आणखी एक वर्षानं. रोस्सो आधी तोंडात घोळवा, आंबट चेरीची चव आणि हिरड्यांना जाणवणारा तुरटपणा लक्षात ठेवा. मग ब्रुनेल्लोचा पेला नाकाशी धरा. तोच तुरटपणा आता लांबवर पसरलेला असतो, वास चामड्याकडे, वाळलेल्या पानांकडे गेलेला असतो. मधली वर्षं काय करतात ते त्या दोन पेल्यांत कळतं. थेट रिझेर्व्हापासून सुरुवात केली तर तुलनेला हातात काहीच उरत नाही.

उशीर होणार असेल तर गाडी बाजूला घेऊन फोन करा. अर्धा तास आधी कळवलं तर बहुतेक जण काहीतरी जुळवून घेतात. न कळवता गैरहजर राहिलात तर पुढच्या भारतीय पाहुण्याला तिथे जड जातं.

गाडी आणि कॅमेरे

जुन्या गावांच्या आत मर्यादित वाहतुकीचा भाग असतो. प्रवेशाशी लाल कडं असलेला पांढरा गोल फलक आणि वर कॅमेरा. आत शिरलात की नंबरप्लेटचा फोटो निघतो, कुणी शिट्टी मारून थांबवत नाही. आधी भाड्याच्या गाडीची कंपनी क्रेडिट कार्डावरून पैसे कापते. लोकांना वाटतं दंड भरला, प्रकरण मिटलं. ते पैसे फक्त तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याचे असतात. खरा दंड नंतर, कित्येकदा महिन्यांनी घरी येतो. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरला तर तीस टक्के सूट मिळते, तेव्हा पाकीट बाजूला ठेवून देऊ नका. हॉटेल त्या भागाच्या आत असेल तर आदल्या दिवशीच गाडीचा नंबर हॉटेलला कळवा.

आपल्या लायसन्ससोबत आरटीओकडून घेतलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतोच. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे आणि लायसन्सला तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. "दोनच घोट घेतो आणि चालवतो" हे मला चालत नाही. न पिणारा चालक ठरवा, नाहीतर त्या एका दिवसापुरती ड्रायव्हरसकट गाडी घ्या. सहा जणांत वाटली तर परवडते.

शाकाहारी आहोत, पण सांगितलं नाही

या भागात शाकाहाऱ्याचं उत्तम भागतं, पण फक्त "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही. मांसाचे तुकडे न दिसणाऱ्या सुपात मांसाचा रस्सा असू शकतो, भाजी परततानाच डुकराची चरबी पडलेली असू शकते. मी कागदावर लिहून देते: निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते ब्रोदो दि कार्ने. म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, मांसाचा रस्सा नाही. गोमांस न खाणाऱ्यांनी रागू, म्हणजे मांसाचा सॉस, कशाचा आहे ते विचारून घ्यावं, आणि तिथली प्रसिद्ध बिस्तेक्का, म्हणजे स्टेक, गाईचीच असते हे आधी ठाऊक असावं.

पिची हा तिथला हातानं वळलेला पास्ता मात्र चुकवू नका. एकदा मोंतेपुल्चानोच्या एका स्वयंपाकघरात शेजारी उभी राहून ती वळताना पाहिली. मैदा, पाणी, मीठ, किंचित तेल. पोळीच्या पट्ट्या कापायच्या आणि एकेक पट्टी फळीवर दोन्ही तळव्यांखाली लोटत लांबवायची, हातशेवयांसारखी, पण कितीतरी जाड. त्यावर टोमॅटो आणि आल्योने नावाच्या मोठ्या पाकळ्यांच्या लसणाचा सॉस. त्यात मांसाचा संबंध नाही आणि चवीत काही कमी नाही.

कडक शाकाहाऱ्यांनी पेकोरिनोबद्दल विचारावं. चीज धरण्यासाठी वासराच्या जठरातलं रेनेट बहुतेक ठिकाणी वापरतात, काही जण मात्र वनस्पतीजन्य वापरतात. "कालिओ व्हेजेताले" असं लेबलवर शोधा. आणि पाव अळणी आहे म्हणून तक्रार करू नका, तोस्कानाचा पाव बिनमिठाचाच असतो. खारट चीजसोबत खाल्ला की तो का तसा आहे ते समजतं.

उरलेल्या चुका

बिलावर माणशी "कोपेर्तो" लावलेला असतो. ती बसण्याची आकारणी आहे, फसवणूक नाही, वेटरशी भांडू नका. १५ ऑगस्टच्या आसपास जाऊ नका, ऊनही असतं आणि गर्दीही. गुळगुळीत तळव्याच्या चपला आणि दगडी उतार यांचं जमत नाही. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तरी लोक शेवटच्या महिन्यात अपॉइंटमेंट शोधत बसतात. प्रवास विमा निदान ३०,००० युरोंचा लागतो, त्याहून कमीचा घेऊन अर्ज करू नका.

बाटल्यांचा हिशेब घरूनच करा. भारतात परतताना माणशी दोन लिटर मद्य शुल्कमुक्त आणता येतं. वाईनची बाटली पाऊण लिटरची, म्हणजे दोन बाटल्या बसतात, तिसरी मर्यादेबाहेर जाते. चौघं असाल तर आठ बाटल्या चार बॅगांत वाटून ठेवा. एकाच्याच बॅगेत सगळ्या भरून "ह्या चौघांच्या आहेत" असं सांगायची वेळ आणू नका. प्रत्येक बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग जाड मोज्यात, आणि बॅगेच्या मधोमध कपड्यांत. तिसरी घ्यायचीच असेल तर विमानतळावर कस्टम्सच्या लाल मार्गिकेत जाहीर करून शुल्क भरा, आणि दुकानाची पावती हातातल्या पिशवीत ठेवा.