देवबागला मासे गरवायला जाताना: आधी तिथी, मग खोली

मासे गरवण्यासाठी, म्हणजे गळाने पकडण्यासाठी, कोकणात जायचे ठरले की बहुतेक मंडळी आधी खोली शोधतात, मग जोडून आलेल्या सुट्ट्या पाहतात आणि भरती-ओहोटीची चौकशी किनाऱ्यावर पोहोचल्यावर करतात. हा क्रम उलटा आहे. मालवण तालुक्यातील देवबाग डोळ्यांसमोर ठेवून योग्य क्रम पुढे देत आहे. गळ, दोर, रीळ आणि शिसे आपल्याकडे आहे आणि गाठ पक्की मारता येते, हे गृहीत धरले आहे.

देवबागच का, ते थोडक्यात सांगतो. कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधली ही वाळूची अरुंद पट्टी आहे आणि तिच्या दक्षिण टोकाला नदी समुद्राला मिळते, त्यामुळे एकाच मुक्कामात खाडी, संगम आणि समुद्र हाताशी येतात. गरवणाऱ्याला जी तांबोशी, चोणक किंवा गोबरा हवा असतो, तो खाडीत मिळतो. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते आणि पाऊस सरल्यावरही खाडीचे पाणी काही आठवडे गढूळच राहते.

आता तारखा. सगळी सहल यावर ठरते आणि सर्वांत चुकीचे सल्लेही याच बाबतीत मिळतात. ‘पौर्णिमेला किंवा अमावास्येला जा, उधाणाला मासा भरपूर लागतो’ हे वाक्य प्रत्येक नवख्याच्या कानावर पडते. पण संगमावर उधाणाची, म्हणजे सर्वांत मोठ्या चढउताराची, ओहोटी लागली की पाण्याला इतकी ओढ असते की शिसे तळाला टिकत नाही, दोराला पोट येते, वाहून आलेला पाला त्यावर गोळा होतो आणि मासा आमिषाला तोंड लावून गेला तरी हाताला कळत नाही. त्या ओढीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहणे तर जिवावर बेतू शकते. याच्या उलट अष्टमीनंतर दोन-तीन दिवस भांगाचे, म्हणजे सर्वांत कमी चढउताराचे, पाणी जेमतेम हलते. आमिष एका जागी लोंबत राहते आणि खेकडे ते कुरतडून टाकतात. गरवणाऱ्याला या दोन्हींच्या मधले, चालते पण न ओढणारे पाणी हवे. हे गणित मला पुष्कळ उशिरा उमगले, म्हणून येथे सविस्तर मांडतो.

किनाऱ्यावरची जुनी रीत अशी की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे पूर्ण भरती सकाळी नऊच्या सुमारास आणि पुन्हा रात्री नवाच्या पुढे. पूर्ण ओहोटी त्यापासून सहा-सव्वासहा तासांवर. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकापासून सुरू करावी. हा अंदाज अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून तारखा नक्की करताना मालवणचेच भरतीचे कोष्टक पाहावे. मुंबईचे कोष्टक देवबागला लावू नये, कारण इकडे भरती आधी येते आणि पाण्याची चढउतारही मुंबईपेक्षा बरीच कमी असते.

माझे ठाम मत आहे की, शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, द्वादशी ते चतुर्दशी हे तीन दिवस धरावेत. मासा प्रामुख्याने पाणी थबकण्याआधीच्या आणि नव्याने चालू लागल्यानंतरच्या दीड-दोन तासांत लागतो. या तिथींना पूर्ण भरती सकाळी नऊ ते साडेदहाच्या दरम्यान येते, त्यामुळे उजाडल्यावर नावेत बसले की चढत्या पाण्याचा शेवटचा टप्पा पुरता मिळतो. दुपारी तीन-साडेचारला ओहोटी संपते आणि ऊन उतरता उतरता नवी भरती सुरू होते. मधला कडक उन्हाचा आणि वाऱ्याचा वेळ जेवणाला आणि झोपेला मोकळा राहतो. हे जमत नसेल तर पंचमी ते सप्तमी घ्यावी. तेव्हा सकाळ बेताची जाते, संध्याकाळ मात्र चांगली मिळते. शनिवार-रविवार जुळत नाही म्हणून भांगात जाऊ नये; रजा पुढे ढकलावी.

तारखा ठरल्या की नावाडी ठरवावा. डॉल्फिन दाखवणारी नाव आणि गरवायला नेणारी नाव यांत फरक आहे. जो स्वतः गरवतो, ज्याला खाडीतले खडक आणि खोल डोह ठाऊक आहेत आणि जो आदल्या संध्याकाळी जिवंत कोळंबी मिळवून ठेवण्याची हमी देतो, तोच घ्यावा. तांबोशी आमिष घेताच कपारीकडे मुसंडी मारते, म्हणून गळापाशी दोराचा जाड तुकडा लावावा. चोणकाच्या कल्ल्याची कडाही पात्यासारखी धारदार असते. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले आणि सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगडाचा परिसर त्याच्या गाभा क्षेत्रात येतो. नावाडी तयार असला तरी तेथे गळ टाकू नये.

खोली खाडीच्या अंगाची घ्यावी, कारण दुपारचा खारा वारा समुद्राकडच्या खोल्यांना थेट लागतो. पहाटे पाचला चहा मिळेल का, धरलेला मासा शिजवून देतील का आणि रीळ धुवायला बाहेर गोड्या पाण्याचा नळ आहे का, हे तीन प्रश्न आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विचारावेत. तिन्हींना होकार देणारी घरगुती निवासाची जागा चकचकीत रिसॉर्टपेक्षा अधिक सुखाची असते. गाडीचे आरक्षण कुडाळपर्यंत करावे. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते आणि पंचांग तर वर्षभराचे हाताशी असते, त्यामुळे उशीर होण्याचे कारण नाही.

शेवटी शिंगाळ्याविषयी. खाडीत हा मासा हमखास गळाला लागतो आणि त्याच्या पाठीवरचा व दोन्ही बाजूंचे काटे विषारी असतात. त्याला उघड्या हाताने धरू नये. पकडीने गळ सोडवावा, आणि गळ खोल गेला असेल तर दोर कापावा. काटा लागलाच तर जखम धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा आणि थेट मालवणला डॉक्टरांकडे जावे.