जव उशिरा पेरताय? मग युरियाचा हात आखडता घ्या

पेरणी लांबली की युरियाची एक गोणी जास्त टाकून भरपाई करायची, ही सवय गव्हात एखादे वेळी खपून जाते. जवात ती अंगाशी येते. जवाचे काड मुळातच नाजूक असते. युरियातले नत्र (नायट्रोजन) जास्त झाले की पीक हिरवेगार दिसते, पण ओंबी जड झाल्यावर एका वाऱ्यात लोळते.

रब्बीतला बागायती जव नोव्हेंबरमध्येच जमिनीत गेलेला बरा. डिसेंबर उजाडला की फुटव्यांचे, म्हणजे बुंध्यातून निघणाऱ्या जादा काड्यांचे, दिवस कमी होतात आणि दाणा भरायच्या वेळी ऊन तापलेले असते. तापमान 30 अंशांच्या पुढे गेले की दाण्यात पिष्ट (स्टार्च) भरायला वेळच मिळत नाही, दाणा चिमतो. तिथे नत्र वाढवून काय होणार? उशीर झालाच तर ओळी 22 ऐवजी 18 सेंटिमीटरवर घ्या आणि बियाणे थोडे वाढवा. फुटवे कमी येणार, म्हणून रोपे जास्त हवीत. नत्र मात्र कमी करा.

वेळेवर पेरलेल्या बागायती जवाला हेक्टरी 60 किलो नत्र आणि 30 किलो स्फुरद (फॉस्फेट) धरू. बहुतेकांचा हिशेब चुकतो तो इथे, कारण डीएपी या खतात स्फुरदाबरोबर नत्रही असते आणि ते मोजायचे राहून जाते. 30 किलो स्फुरदासाठी 65 किलो डीएपी लागतो आणि त्यातून सुमारे 12 किलो नत्र आधीच मिळते. उरलेल्या 48 किलोंसाठी 104 किलो युरिया पुरतो. त्यातला 39 किलो पेरताना द्या आणि 65 किलो पहिल्या पाण्याला, म्हणजे 30 ते 35 दिवसांनी. आधी मुगासारखे द्विदल पीक असेल तर यातूनही थोडे कमी करा. हलक्या रेताड जमिनीत दुसरा हप्ता दोनदा विभागून द्यावा, नाहीतर पाण्याबरोबर नत्र खाली निघून जाते.

दुसरा हप्ता तारखेपेक्षा रोपाकडे बघून द्यावा. एक रोप उपटा, मुख्य फुटवा ब्लेडने उभा चिरा. आत पहिले पेर (काडावरची गाठ) जमिनीच्या वर जेमतेम सरकलेले दिसले की वेळ झाली. युरिया सकाळी दव असताना फेकू नका, ओल्या पानांना चिकटून पाने करपतात. दव उतरू द्या, आणि फेकला की लगेच पाणी सोडा. भिजलेल्या जमिनीवर नुसता पडून राहिला तर अमोनिया होऊन उडून जातो.

खालची पाने शेंड्याकडून पिवळी पडली की नत्राची कमतरता, हे खरे. पण आधी मुळे बघा. पाणी साचून मुळे तपकिरी पडली असतील तरी पाने अशीच पिवळी होतात, आणि जवाला साचलेले पाणी अजिबात सोसत नाही. तिथे चर काढा, युरिया नको.

माल्टसाठी (बिअर वगैरेसाठी मोड आणून वाळवलेला दाणा) जव देणार असाल तर ओंबी बाहेर पडताना नत्र देऊच नका. तेव्हाचे नत्र दाण्यातली प्रथिने वाढवते. माल्टवाल्यांना ती साधारण 9 ते 11.5 टक्क्यांच्या आसपास हवी असतात, त्यापुढे माल नाकारला जाऊ शकतो. जनावरांच्या खाद्यासाठी जव असेल तर ही अडचण नाही, मात्र लोळण्याची भीती तिथेही असतेच.