बुन्युएलची ट्राम गच्चीवर कशी दाखवावी

स्पॅनिश दिग्दर्शक लुईस बुन्युएलचा 'ला इलुसियोन व्याखा एन त्रानविया' हा १९५४चा मेक्सिकन सिनेमा घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवायचा असेल, तर जेवतानाच निम्मी गोष्ट सांगून टाका. मेक्सिको शहरात १३३ नंबरची ट्राम भंगारात निघते. दोन कामगार दारूच्या भरात ती रात्री डेपोतून बाहेर काढतात. लोकांना वाटतं, नेहमीचीच गाडी आली, नि ते चढत जातात. शेवट मात्र सांगू नका. गोष्ट ठाऊक असली की माणसं सबटायटलच्या अक्षरांमागे धावत नाहीत, चेहरे बघतात.

मराठी सबटायटल स्वतः लिहा. इंग्रजी सबटायटलची एसआरटी फाइल नोटपॅडमध्ये उघडते. वेळेच्या ओळींना हात न लावता खालचा मजकूर बदला आणि सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, नाहीतर अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी उमटतं. आमचे मामंजी चष्मा सावरेपर्यंत लांब ओळ निघून जाते, म्हणून मी सात-आठ शब्दांतच भागवते. ओळी आवाजाच्या मागेपुढे झाल्या, तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कीबोर्डवरची जी आणि एच ही बटणं दाबून जुळवता येतात.

मे महिन्यात नागपूरला साडेसातशिवाय धड अंधार पडत नाही आणि स्लॅब तर त्यानंतरही धगधगतो. सहाला गच्चीवर पाणी मारा, वाळलं की पुन्हा मारा, मगच बाजा टाका. रात्र कृष्णपक्षातली धरा. पडद्यासाठी चादर वरून दोरीला ताणा, खालच्या काठावर विटा ठेवा. चित्र जवळजवळ चौकोनी आहे, म्हणून प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये ४:३ निवडा. ताणून फताडी झालेली ट्राम मला बघवत नाही.

घरात कुणी माळकरी असेल तर आधी कल्पना द्या. खाटीकखान्यातले कामगार गाडीत चढतात आणि धरायच्या कड्यांना मांसाचे तुकडे लटकवतात. त्याच डब्यात भाविक बायका मूर्ती घेऊन बसलेल्या. तिकीट कुणाकडूनच घेत नाहीत, तर एका अमेरिकन बाईला हा कम्युनिझमच वाटतो! एवढं शहर एका डब्यात मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेलं नाही. इथे पॉज करून समजावू नका, कुणी विचारलं तरी नाही.

सिनेमा जेमतेम दीड तासाचा. संपल्यावर लगेच आवराआवर करू नका. मामंजी नागपुरातल्या मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे वर्कशॉपात फिटर होते आणि इतवारी–नागभीडची छोटी गाडी २०१९मध्ये थांबली. अशा माणसाला "सिनेमा आवडला का?" विचारलं, तर "हो" एवढंच मिळतं. त्याऐवजी विचारा, त्या गाडीच्या वाटेवरच्या भिवापूरला मिरचीची पोती डब्यात कुठे ठेवायचे? इंजिन बिघडलं तर रात्रीतून कोण दुरुस्त करायचं? फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवा आणि त्यांना मध्येच तोडू नका.