वंशशोधाच्या पत्रिकेत जाहिरातींना जागा किती आणि कुठे द्यावी

छंदापोटी वंशशोधाची छोटी पत्रिका चालवणाऱ्याला छपाई, टपाल आणि जुन्या दस्तांच्या नकला यांचा खर्च भागवण्यासाठी आज ना उद्या जाहिराती घ्याव्या लागतात, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. मात्र पहिली जाहिरात स्वीकारण्याआधी स्वतःपुरती एक कसोटी ठरवून घ्यावी: अंकातल्या सगळ्या जाहिराती काढून टाकल्या, तरी वाचकाला त्याच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळाले पाहिजे.

ही कसोटी लावली की लेखाचा क्रम आपोआप ठरतो. जन्माची किंवा विवाहाची नोंद कशी शोधावी हे सांगताना विनामूल्य मार्ग आधी आणि सशुल्क सेवा नंतर यावी, मग त्या सेवेची जाहिरात पुढच्याच पानावर असली तरी. फॅमिलीसर्च या संस्थेने १९३८ पासून जमवलेल्या, जुन्या नोंदींची छायाचित्रे असलेल्या सुमारे २४ लाख मायक्रोफिल्म रिळांचे डिजिटल रूपांतर २०२१ मध्ये पूर्ण केले आणि त्यांतील बराच भाग पैसे न देता पाहता येतो. वर्गणी भरण्यापूर्वी वाचकाला एवढे तरी माहीत असायलाच हवे. ‘तुमचे सारे पूर्वज शोधून देऊ’ अशी हमी देणारी जाहिरात मी शब्द बदलून घेतल्याशिवाय छापत नाही. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचे १९२१ च्या आगीत अतोनात नुकसान झाले, उरलेले कागदही पुढे नष्ट करण्यात आले, आणि सव्वासहा कोटींहून अधिक लोकांपैकी सुमारे सहा हजारांचीच नावे शिल्लक राहिली. जे दप्तरच उरले नाही, त्यातून कोणतीही कंपनी काहीही शोधून देऊ शकत नाही.

जाहिरात किती यापेक्षा ती कुठे, याकडे अधिक लक्ष द्यावे. एका अंकात मी पाच पिढ्यांचा तक्ता आणि त्याखालची टीप यांच्यामध्ये एक चौकट बसवली होती. तक्त्यातले एक जन्मवर्ष केवळ अंदाजाने, मृत्यूच्या नोंदीतल्या वयावरून काढलेले आहे, असे ती टीप सांगत होती. परंतु चौकटीमुळे टीप पानाच्या तळाशी गेली आणि एका वाचकाने ते वर्ष खात्रीचे म्हणून आपल्या वंशावळीत उतरवले. तेथून ते त्याच्या दोन नातेवाइकांच्या वंशावळींत गेले, आणि पुढच्या अंकात दुरुस्ती छापूनही एका ठिकाणी ते तसेच राहिले. तेव्हापासून विधान, त्याचा आधार आणि त्याविषयीची शंका या तिहींच्या मध्ये काहीही येऊ न देण्याचा नियम मी पाळतो.

सर्वाधिक सावधगिरी डीएनए चाचणीच्या जाहिरातींबाबत बाळगावी लागते, कारण त्यांचे पैसे चांगले मिळतात. अशी जाहिरात घ्यायची असेल, तर त्याच अंकात चाचणीच्या मर्यादा स्पष्ट सांगाव्यात. सख्ख्या चुलत किंवा मावस भावंडांत सरासरी १२.५ टक्के डीएनए सामाईक असतो; पण ज्यांचे खापरपणजोबा आणि खापरपणजी एकच आहेत, अशा दूरच्या भावंडांच्या साधारण दहांपैकी एका जोडीत चाचणीला नाते दिसतच नाही, त्यामुळे ‘जुळणी नाही’ याचा अर्थ ‘नाते नाही’ असा होत नाही. शिवाय एकाने नमुना दिला की त्याच्या नातलगांचीही माहिती काही अंशी उघड होते. ट्वेंटीथ्री-अँड-मी या डीएनए चाचणी करणाऱ्या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली आणि मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, हे वाचकाला ठाऊक असेल तर तो घरच्यांना विचारून निर्णय घेईल.

सवलतीच्या कोडवर आपल्याला दलाली मिळत असेल, तर ते कोडच्या शेजारीच आणि त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावे. शेवटच्या पानावरच्या बारीक टाइपात नव्हे. ज्या सॉफ्टवेअरचे परीक्षण छापायचे, त्याची जाहिरात त्या अंकात घेऊ नये. प्रमाण म्हणाल तर सोळा पानांत चार पाने मला पुरेशी वाटतात, आणि मजकूर कमी पडला तर जाहिराती वाढवण्याऐवजी अंकच बारा पानांचा काढून त्यात तीनच पाने जाहिरातींना द्यावीत. या साऱ्या अटी दरपत्रकावरच छापून ठेवाव्यात, म्हणजे जाहिरातदाराशी प्रत्येक वेळी नव्याने घासाघीस करावी लागत नाही.