बूमचा आधार: टॉपिंग लिफ्ट बदलल्याचा माझा अनुभव

माझ्या शिडाच्या बोटीवर रीफ घ्यायला, म्हणजे शीड लहान करायला, मेन हॅलियार्ड (मुख्य शीड वर चढवणारी दोरी) सैल केली आणि बूमचं (शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्याचं) मागचं टोक थेट कॉकपिटवर, म्हणजे बोटीत बसायच्या खोलगट जागेवर, आलं. डोकं थोडक्यात वाचलं. त्या दिवसापासून बूमच्या आधाराकडे मी नीट पाहायला लागलो.

बूमला वरून तोलून धरते ती टॉपिंग लिफ्ट. माझी म्हणजे डोलकाठीच्या शेंड्यापासून बूमच्या टोकापर्यंतची ठरावीक लांबीची तार. शीड ताणलेलं असताना बूम वर उचललेला असतो, म्हणून तार ढिली पडून शिडाच्या मागच्या कडेवर घासायची. तिथली शिवण उसवली होती. तार आखूड केली असती तर बूम खाली येऊ शकला नसता आणि वाऱ्याच्या दिशेच्या जवळून बोट चालवताना शिडाचा आकार बिघडला असता. म्हणजे लांबी बदलता येणं हाच खरा उपाय.

तार काढून वरच्या भागाला डायनीमाची (मजबूत कृत्रिम धाग्याची) दोरी लावली. तिच्या खालच्या टोकाला एक ब्लॉक, म्हणजे कप्पी. त्यातून पॉलिएस्टरची दोरी फिरवून बूमच्या टोकातल्या चाकावरून पुढे दोरी अडकवायच्या क्लीटपर्यंत आणली. ओढायला जोर निम्माच लागतो. सैल पडलेली दोरी शिडापासून दूर राहावी म्हणून शॉक-कॉर्डचा (रबरी लवचिक दोरीचा) तुकडा बांधला. तो फार ताणू नका, हलका ओढ पुरे.

आता क्रम कधीच चुकवत नाही: आधी टॉपिंग लिफ्ट ताणायची, मग व्हँग (बूमला खाली ओढून धरणारी ताणदोरी) सोडायचा, मगच हॅलियार्ड. नांगरावर असताना मेनशीटही (बूमची बाजूची हालचाल रोखणारी दोरी) घट्ट करतो, नाहीतर लाटेबरोबर बूम इकडून तिकडे आपटतो. बूम आणि डोलकाठीच्या जोडावरचा पितळी बुश (आतली नळी) झिजला होता, तोही त्याच वेळी बदलला.