लिनक्सवरच्या एक्सएफसीई डेस्कटॉपच्या पॅनलवरचे (पट्टीवरचे) वर्कस्पेसचे चौकोन काढायचे तर

मालवणातल्या खानावळीच्या गल्ल्यावर बिलापुरता संगणक असेल, तर हे चौकोन नुसती अडचण. प्रत्येक चौकोन म्हणजे एक वर्कस्पेस, खिडक्या मांडायचा वेगळा पडदा. चुकून क्लिक झालं की उघडं बिल गायब!

चौकोनावर राइट क्लिक करून ‘रिमूव्ह’ निवडा, विचारल्यावर होकार द्या. पण एवढ्यावर थांबू नका. चौकोन गेले तरी वर्कस्पेस मागे चालूच राहतात. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागी माऊसचं चाक फिरलं की खिडक्या पुन्हा दिसेनाशा, आणि आता परतीची खूणही नाही. म्हणून सेटिंग्जमधल्या ‘वर्कस्पेसेस’मध्ये आकडा 1 करा. उघड्या खिडक्या बंद होत नाहीत, उरलेल्या वर्कस्पेसवर येतात.

परत हवे झाले तर पॅनलवर राइट क्लिक, ‘ॲड न्यू आयटम्स’, ‘वर्कस्पेस स्विचर’. आकडा मात्र वाढवावा लागेल.